सिनिवाने सोडलेली जागा

कोलोंगा गावच्या सिनिवाचे पहिले चित्र आजही गावात सांगितले जाते, पाहायला मात्र मिळत नाही. ती तेव्हा सात वर्षांची होती. देवळाच्या अंगणात उभे राहून पाद्रीबाबा उपदेश करीत होते आणि कलत्या उन्हात त्यांची सावली चुन्याच्या भिंतीवर स्वच्छ पडली होती. सिनिवाने चुलीतला कोळसा आणून त्या सावलीची कड हळूहळू गिरवली. उपदेश संपला, पाद्रीबाबा निघून गेले, सावलीही गेली. रेषा राहिली, आणि रेषेतले नाक पाहून सगळा गाव कोण ते ओळखून हसला. भिंत पुसून काढण्याची शिक्षा झाली. सिनिवाने ती निमूटपणे भोगली. फक्त नाकाचा शेंडा तेवढा ठेवला. तो पुढच्या सफेदीपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, भिंतीवर होता.

ही खोडकर मुलगी मोठी झाली, गृहिणी झाली, विधवाही झाली. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांच्या राजधानीत, नुकुअलोफाला, एका छापखान्यात तिने वीस वर्षे लग्नाच्या आणि मयताच्या पुस्तिका दुमडल्या. मग मालकाने संगणक आणला आणि त्यावर आपला भाचा बसवला. भाच्याने मयताच्या पुस्तिकेवर दिवंगताच्या तोंडावरच स्तोत्राच्या ओळी छापल्या, तेव्हा सिनिवा म्हणाली, "यापेक्षा मी बरं करीन." मालक म्हणाला, "मग शिकून ये. दाखला आण, खुर्ची तुझी." अशा रीतीने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला पातळ चटई गुंडाळून, हातात नवी वही घेऊन, सिनिवा ग्राफिक डिझाइनच्या वर्गात जाऊन बसली. बाक अठरा वर्षांच्या मुलांसाठी केलेला होता. त्यात तिने प्रवेश केला तो थेट सत्र संपेपर्यंत बाहेर पडायचेच नाही अशा बेताने.

जाण्यापूर्वी एक परवानगी मात्र घ्यावी लागली होती, आणि तीच महत्त्वाची होती. या बेटांवर माणसाच्या डोक्यावर आई नसते, बाप नसतो. असते ती बापाची बहीण. आत्याने 'नको' म्हटले की विषय संपला. त्यावर अपील नाही. सिनिवाची आत्या तोकिलूपे एकोणऐंशी वर्षांची होती. डोळे मंदावले होते, शब्दाची धार शाबूत होती.

"या वयात शाळा?" आत्या म्हणाली. "दात पडायच्या सुमाराला अक्षरं गिरवणार?"

"दात पडले तर हात मोकळे राहतील, आत्या."

"तोंड तेवढं कधी मोकळं ठेवत नाहीस. जा. पण माझ्या कानावर एक तक्रार आली, की त्या दिवशी शाळा बंद. ऐकलंस?"

सिनिवाने ऐकले होते.

वर्गाचे मास्तर लिसिआते सत्तावीस वर्षांचे होते. ते टोंगाचेच, पण ऑकलंडला वाढलेले. त्यांच्या पायांत नेहमी पांढरेशुभ्र बूट असत आणि ओठांवर 'तोल', 'लय', 'विरोध' हे शब्द असत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोत शिकवायला घेतला. डोळ्यांना दिसणारा खरखरीतपणा, मऊपणा, दाणेदारपणा कागदावर कसा उतरवावा हे सांगताना ते गंभीर होऊन म्हणाले, "आज मी तुम्हांला एक नवी पद्धत शिकवणार आहे. वस्तूवर कागद ठेवायचा आणि वरून मेणखडू घासायचा. खालचा पोत वर उठतो."

सिनिवाला हसू फुटले. तिने ते दाबले, तर बाक हलू लागला.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही, मास्तर. ही नवी पद्धत माझ्या पणजीला ठाऊक होती, ते आठवलं."

आणि ते खरेच होते. झाडाची साल कुटून केलेले आपल्या पुराणांतले वल्कल या बेटांवर आजही नांदते आहे. नारळाच्या हिरांच्या काड्या केवड्याच्या पानांवर शिवून नक्षीची पाटी करायची, तिच्यावर वल्कल पसरायचे आणि तपकिरी रंगाचा बोळा घासायचा. मग पाटीवरची वेल वल्कलावर उगवते. कोलोंगाच्या बायकांच्या तळव्यांत ही विद्या कोणी शिकवण्यापूर्वीच उतरलेली असते. मास्तरांनी बारा पोत मागितले होते. सिनिवाने एक्केचाळीस आणले. नीरफणसाची साल, प्रवाळाचा कुंपणदगड, बसचे टायर, बाजारातल्या तराजूचे पारडे, मासेमारीचे जाळे. मुलांनी ओळखायचे आणि तिने हो-नाही म्हणायचे असा खेळ रंगला. एकाच कागदावर सगळे अडले. बारीक नागमोडी रेषा होत्या, मध्ये एक गोल खळगा.

"हे काय गं, मावशी?" फिफिता नावाच्या चुणचुणीत मुलीने विचारले.

"मास्तरांच्या उजव्या बुटाचा तळ. परवा दाराबाहेर काढून ठेवले होते तेव्हा उठवला."

मास्तरांनी त्या कागदाला सर्वांत जास्त गुण दिले. एवढ्यावरून तो माणूस मनाने मोठा होता हे ध्यानात यावे.

अडचण पुढे आली. उठवलेले पोत वापरून एक भित्तिपत्रक करायचे होते. सत्राचा निकाल त्यावरच होता. तीनदा द्यायची मुभा होती. तिसऱ्यांदाही नाकारले गेले तर नाव कमी. सिनिवाने पहिले पत्रक केले ते कडेपासून कडेपर्यंत भरून. एक्केचाळीस पोत एकमेकांना खेटून बसले होते, जणू बाजारच्या दिवशीची बस.

"सुंदर आहे," मास्तर म्हणाले, "पण नजरेला बसायला जागा कुठं आहे?"

"नजर कशाला बसते, मास्तर? तिला काय गुडघे आहेत?"

"मोकळी जागा हवी, मावशी. रिकामं ठेवलेलंही बोलत असतं."

दुसरे पत्रक तिने निश्चयाने अर्धे मोकळे ठेवले. घरी नेले, जेवली, परत पाहिले, आणि तिचा हात आपोआप पुढे गेला. सकाळी पत्रक भरलेले होते. त्यात तिचा दोष थोडका होता. वल्कल रंगवताना बायका समोरासमोर दोन रांगांत बसतात आणि जिच्यापुढे जेवढा पट्टा येईल तेवढा तिने घासायचा असतो. कोणाच्या पट्ट्यात तळहाताएवढी जागा जरी कोरी राहिली, तरी पुढची दहा वर्षे तिच्या नावाने गाणी रचली जातात. आपल्याकडे काव्याचे मर्म जाणणाऱ्यांनी न उच्चारलेल्या अर्थाचा मोठा गौरव केला आहे. कोलोंगाच्या बायकांनी तो अद्याप केला नव्हता.

दुसरेही पत्रक परत आले. "एकच संधी उरली," लिसिआते मास्तर खिन्नपणे म्हणाले. "दोन आठवड्यांनी, सोमवारी आठ वाजता. तोवर सवय करा. घरी रोज काहीतरी मोकळं सोडत जा."

सिनिवाने हा उपदेश अक्षरशः पाळला. तिने परसातले अर्धे तण उपटले आणि अर्धे ठेवले. पाहुण्यांना ताट वाढले ते एका कडेला कोनफळाची एक फोड ठेवून, बाकी ताट मोकळे. "ही काय वाढायची रीत?" पाहुणा म्हणाला. "नजरेला बसायला जागा," सिनिवा म्हणाली. देवळातल्या गायनाच्या गुरुवारच्या तालमीत स्तोत्राची तिसरी ओळ आली तेव्हा ती तोंड मिटून उभी राहिली. तिचा आवाज म्हणजे खालच्या स्वराचा खांब होता. तो निघताच बाकीचे छप्पर लचकले.

"सिनिवा! घसा बसला का?"

"नाही हो. ऐकून पाहत होते. मी नसले की ओळ कशी दिसते ते."

पुढच्या सोमवारी वल्कलाचे काम निघाले. तोकिलूपे आत्याच्या नातीचे लग्न शनिवारी ठरले होते. नवरदेव उत्तरेच्या वावाउ बेटावरचा होता. वावाउच्या बायका आहेरात आलेले वल्कल चारी बाजूंनी फिरून पाहतात. स्तुती एकदाच करतात, दोष मात्र बोटीत बसून घरापर्यंत मोजतात. म्हणून आत्याने पेटीतली जुनी पाटी काढली होती. केवड्याच्या कणसांची माळ आणि तिच्या दोन्ही अंगांना पाने, ही तिच्या घराण्याची नक्षी. पाटीची शिवण मधे उसवली होती, ती आत्याने स्वतःच्या हाताने घातली होती.

पाटी फळीवर बांधली, तिच्यावर पहिले वल्कल पसरले, पिठाची खळ लावली, बोळे फिरले, आणि सोळा बायकांना एकाच वेळी दिसले की चौथे पान उलटे शिवले गेले आहे. इतर सर्व पानांची टोके वर, आणि याचे खाली.

बायका गात होत्या. गाणे थांबले नाही. कोणी मान वर केली नाही. आत्याची चूक आत्याला सांगणारी जीभ त्या बेटावर अजून जन्माला यायची होती. फक्त सिनिवाच्या शेजारच्या वासीतीने गाण्याच्या चालीतच पुटपुटले, "पान पाहिलंस का, बाई, पान पाहिलंस?" आणि सिनिवाने त्याच चालीत उत्तर दिले, "डोळे मिटून घास, बाई, डोळे मिटून घास."

दैव असे की ते पान नेमके सिनिवाच्या पट्ट्यात येत होते. एक खण पुरा झाला की वल्कल पुढे सरकायचे आणि पुन्हा तेच पान तिच्यापुढे उलटे उगवायचे. सहा वेळा तिने ते घासले. पूर्वी तिला त्याचे एवढे वाटले नसते. पण तीन महिने तोल आणि लय ऐकून तिच्या डोळ्यांना वाईट खोड जडली होती. त्या पानाशी पोचताच माळेची लय ठेचकाळायची. सांगता येत नव्हते, घासवत नव्हते. सातव्या खणात बोळा त्या पानाशी आला आणि थांबला. तिने पानाभोवतीचे सगळे घासले. पान तेवढे सोडले. तळहाताएवढी पांढरी जागा राहिली. तिच्याकडे पाहून सिनिवाला जन्मात पहिल्यांदाच वाटले की मास्तर खरे बोलत होते. जागा बोलत होती. बरेच काही बोलत होती.

वासीतीने मांडीला असा चिमटा काढला की पुढच्या अठरा खणांत सिनिवाने निमूटपणे ते पान घासले. पण सातवा खण तोवर पुढे सरकला होता. खळ सुकली की पाटीची रेघ रेघेवर पुन्हा बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचवीस खणांचे वल्कल गवतावर वाळत पसरले होते. आत्या काठी टेकत कडेकडेने चालत आली आणि सातव्या खणाशी उभी राहिली.

"ही जागा कोणाची?"

सोळा बायकांनी आकाशात ढग आहेत का ते पाहिले.

"वासीती, तू इथंच बसली होतीस ना?"

"होते, आत्या. पण माझ्या हाताला अजून लकवा नाही झाला. मी घासलेलं समुद्रानं धुतलं तरी जायचं नाही."

"माझी आहे," सिनिवा म्हणाली. "मोकळी जागा म्हणतात तिला. वर्गात शिकवली."

आत्या बराच वेळ त्या पांढऱ्या चौकोनाकडे, मग त्याच्या शेजारच्या खणाकडे पाहत राहिली. तिचे ओठ आवळले. "त्या मास्तराला बोलाव," ती म्हणाली.

लिसिआते मास्तर संध्याकाळी आले. वल्कलाच्या घरात पुरुष येत नाहीत. म्हणून ते उंबऱ्याबाहेर, पांढरे बूट हातात धरून उभे राहिले. आत सतरा बायका बसल्या होत्या.

"तू हिला जागा सोडायला शिकवलंस?" आत्याने विचारले.

"हो, आजी. म्हणजे... तोल असतो... विरोधामुळं नजर..."

"मोठ्यानं बोल."

"नजर... लय..."

"याच्या तोंडात मोकळी जागा बरीच आहे," आत्या बायकांकडे वळून म्हणाली, आणि वासीतीला ठसका लागला. "एवढं सांग. तिथं उभा राहून वल्कलाकडं पाहिलंस तर आधी काय दिसतं?"

मास्तरांनी वळून अंगणात पाहिले. "ती जागा, आजी."

"आणि मग?"

"मग... पुन्हा तीच जागा. बाकीचं दिसायला वेळ लागतो."

 आत्याच्या गालावरची एक सुरकुती किंचित हलली. ती कशामुळे हलली हे कोणाला कळले नाही. "शनिवारी वावाउवाल्या येतील," ती अखेर म्हणाली. "त्या हसल्या, तर सिनिवा, तुझी शाळा त्याच दिवशी संपली. वही बंद, खडू चुलीत. नाही हसल्या तर पाहू."

शनिवारी नवरदेवाची आत्या पिसिला बोटीतून उतरली. ती रुंद होती, देखणी होती, हातात मोठा पंखा होता. अंगणात भाजलेल्या डुकरांचा आणि अळूच्या पानांत शिजलेल्या नारळाच्या रसाचा वास दरवळत होता. पण पिसिला आधी वल्कलाकडे गेली. तिच्यामागून वावाउच्या सात जणी. एक बाजू फिरून झाली. दुसऱ्या बाजूला सातव्या खणाशी पंखा थांबला.

सिनिवाच्या हातातले अळूचे पुडके गार होत चालले होते. खाली ठेवण्याचे तिला सुचत नव्हते.

"तोकिलूपे," पिसिला गोड आवाजात म्हणाली, "कोलोंगाला रंग संपला होता की काय?" आणि मागच्या सात जणींचे पंखे तोंडाशी गेले.

"रंग पुष्कळ होता," आत्या तितक्याच गोडव्याने म्हणाली. "पण मुलगी तुमच्या घरी येते आहे. सगळं वल्कल आमच्याच नक्षीनं भरलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, या कोलोंगावाल्या किती गर्विष्ठ. म्हणून एक जागा तुमच्यासाठी राखली. तुमच्या घराची पाटी आणा आणि तेवढं भरा. घाई नाही. पहिलं नातवंड होईपर्यंत भरलंत तरी चालेल."

 पंखे थांबले. सुकलेल्या वल्कलावर तळहाताएवढे एकच पान, आजूबाजूला रंगाचा शिंतोडाही न उडवता उठवणे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होते. आता ती जागा वावाउची होती. बिघडली तर वावाउची बिघडणार होती. आणि नको म्हणायला तोंड राहिले नव्हते.

"केवढा मान दिलात," पिसिला सावकाश म्हणाली. त्यानंतर जेवण संपेपर्यंत ती त्या चौकोनासमोर बसून त्याची लांबी-रुंदी बोटांनी मोजत होती. उरलेल्या खणांतल्या चोवीस उलट्या पानांपैकी एकाकडेही तिची नजर गेली नाही.

पाहुणे बोटीकडे गेल्यावर आत्याने सिनिवाला घरात बोलावले. मांडीवर ती जुनी पाटी होती.

"चौथं पान उलटं आहे," आत्या म्हणाली.

सिनिवाने छताकडे पाहिले.

"छताकडं बघू नकोस. गाठ मारली तेव्हाच बोटांना कळलं होतं मला. म्हटलं, एक तरी बोलेल, मग रागावून उसवीन. सोळा जणी होतात. सोळाही मेल्या गात बसल्या."

"कोण बोलणार, आत्या?"

"तू बोललीस की. तोंड न उघडता. मला वाटलं, हिचे कान उपटावेत." आत्याने पाटी पुढे केली. "सोमवारी तुझा कागद द्यायचा आहे ना? घे. एकदाच उठवायचं. दुसऱ्यांदा खडू लावलास तर हात मोडीन."

घराण्याची पाटी आजवर कधी कागदाखाली गेली नव्हती. सिनिवाने कागदाच्या खालच्या कोपऱ्यात माळेचा एक तुकडा उठवला, दोन कणसे आणि एक पान, आणि पाटी दोन्ही हातांनी परत दिली. बाकीचे एक्केचाळीस पोत भोवती लावायचे होते. पण तेवढ्यात दिवस मावळला आणि पाठोपाठ रविवार आला. रविवारी या बेटांवर सुई हलत नाही, कुऱ्हाड हलत नाही. सिनिवाचा खडूही हलला नाही. ती तीनदा देवळात गेली आणि तिन्ही वेळा स्तोत्राच्या सगळ्या ओळी गायली.

सोमवारी सकाळी बसमध्ये तिच्या मांडीवर तो कागद होता, पिशवीत एक्केचाळीस पोत आणि डिंक. नुकुअलोफा यायला पाऊण तास होता. पाऊण तासात तिने याहून मोठी बस भरली असती. तिने डिंकाचे झाकण उघडले. कोपऱ्यात दोन कणसे आणि एक पान. वरती सगळे पांढरे. वासीतीने चिमटा काढला होता ती जागा उगाच खाजली. सिनिवाने झाकण लावले, आणि उरलेली वाट ती खिडकीबाहेरची नारळाची झाडे मोजत बसली.

लिसिआते मास्तरांनी कागद हातात घेतला आणि ते खिडकीशी गेले. वर्ग थांबला. फिफिताने बाकाखालून सिनिवाचा हात धरला.

"मावशी," मास्तर म्हणाले, "हे तुम्ही केलंत? एवढी जागा सोडलीत? हात शिवशिवला नाही?"

"शिवशिवला की."

"उत्तम. फारच उत्तम." त्यांनी लाल पेनने खाली 'उत्तीर्ण' लिहिले, सही केली, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "फक्त हे पान... टोक खाली आहे. बाकीच्या नक्षीशी विसंगत वाटतं. चुकून झालं का?"

"मला काय ठाऊक, मास्तर," सिनिवा नम्रपणे म्हणाली. "पाटी आत्याची आहे. आज घरीच आहे ती. येता का विचारायला?"

मास्तरांनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिले. मग पुन्हा कागदाकडे.

"नको," ते घाईने म्हणाले. "त्या पानामुळंच तर तोल साधला आहे."